आमचं पाणी न पिणारा

अनिकेत नावाचा एक पोरगा सगळा उन्हाळा आमच्या वस्तीवर येत होता, आणि सगळ्या उन्हाळ्यात त्यानं आमच्या एकाही घरात पाण्याचा घोट घेतला नाही. तांब्या पुढं केला की हा दोन पावलं मागं सरायचा, जसा काही आत विंचू बसलाय, आणि म्हणायचा, "नियमात बसत नाही, आजी."

आमची वस्ती बौद्धांची. राहू गावाच्या पुढं, नदीच्या अंगाला, चारी बाजूंनी ऊस. आमच्याकडं पाणी नाकारण्याचा अर्थ पाळण्यातल्या पोरालाही कळतो. मी लहान असताना गावातल्या बाया वरून पाणी ओतायच्या आणि आम्ही खाली ओंजळ धरायचो. मी चौथी शिकले ती शाळेच्या माठाला बोट न लावता. तेव्हा शर्ट-पँट घातलेला शिकलेला पोरगा माझ्याच दारात येऊन माझाच तांब्या नाकारतो म्हटल्यावर माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

त्याचं काम काय, ते आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. तो पुण्यात कुठल्याशा मोठ्या कॉलेजात शिकत होता. सरकार कसं चालतं ते शिकतात म्हणे तिथं. शिकता शिकता सरकारी कचेरीत काम करावं लागतं, म्हणून त्याला दौंडला एका साहेबाच्या हाताखाली दिला होता. त्याला इंटर्न म्हणतात. माझा मुलगा शिरूर तालुक्यात रांजणगावला कंपनीत जातो. तो म्हणाला, "आमच्याकडं बी असत्यात असले. चहा आणायला लावत्यात त्यांना."

मी म्हटलं, "ह्यो तर चहा पीत बी न्हाई."

साहेबानं त्याला आमच्या नळांच्या मागं लावलं होतं. आमच्या प्रत्येक दारापुढं सरकारनं नळ बसवलाय. निळा पाइप, वर पांढरी तोटी, शेजारी रंगवलेली पाटी. उद्घाटनाला टँकरनं टाकी भरली तेव्हा पाणी आलं. साहेबलोकांनी फोटो काढले, टाकी रिकामी झाली, आणि नळानं जे तोंड मिटलं ते मिटलंच. आम्ही आपले उसाच्या बांधाबांधानं बागायतदाराच्या मोटरीवर जातो. लाइट असेल तेव्हा मोटर चालते, मोटर चालेल तेव्हा आम्ही डोक्यावर हंडे आणतो. शेजारी नदी आहे, पण तिच्यातनं पुण्याची घाण वाहते. ते पाणी उसाला चालतं. माणसाला चालत नाही.

तर हा पोरगा रोज यायचा, एकेका नळापुढं गुडघ्यावर बसायचा, तोटी सोडायचा आणि तिला कान लावायचा. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. बराच वेळ ऐकायचा. मग उठून गुडघे झाडायचा आणि म्हणायचा, "समजून घेतोय."

हे त्याचं दुसरं पालुपद. ह्याला कुत्रं चावलं असतं तरी म्हणाला असता, समजून घेतोय. समोरचे दगडूआप्पा, तोंडानं फाटके, रोज विचारायचे, "काय रं डाक्टर, वाचतोय का पेशंट?"

एकदा मी त्याला धरलाच. "पोरा, पूर्ण नाव काय तुझं?"

"नुसतं अनिकेत म्हणा, आजी."

"आडनाव न्हाई व्हय तुला?"

"आडनावाचा या कामाशी संबंध नाही."

घ्या! पाणी पीत नाही आणि आडनाव सांगत नाही. वस्तीनं काय समजायचं ते समजून घेतलं. मी सरळ विचारलं, "आमचं पाणी बाटतंय का रं तुला?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "नाही नाही, आजी! असं कसं बोलता? नियम आहे. ज्यांच्या घरची पाहणी करायची, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. कॉलेजनं लिहून घेतलंय. चहा नाही, जेवण नाही."

"आन् पाणी?"

त्यानं माझ्या हंड्याकडं बघितलं, पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "पाणीसुद्धा."

मला ते खोटं वाटलं. मी त्याला सांगितलं, "मग माझ्या सावलीत बी उभा राहू नगंस. ती बी माझ्याच घरची हाय."

तेव्हापासून वस्तीनं त्याच्याशी बोलणं तोडलं. बाया त्याला बघून दार लोटायच्या. तो विहाराच्या पायरीवर बसून एकटाच डबा खायचा. पाण्याची बाटली पुण्याहून भरून आणायचा. ती दुपारपर्यंत संपायची आणि मग हा फुटलेल्या ओठांनी नळांना कान लावत फिरायचा. मी म्हटलं, मर.

आणि खरंच एकदा पडला. माझ्याच नळापुढं, भर उन्हात, आडवा. मी तांब्या घेऊन धावले, तर डोळे उघडून हा हात हलवतोय, नको, नको. दगडूआप्पा ओसरीवरून ओरडले, "आरं, डोक्यावर ओतलेलं चालतंय का बघ तुझ्या नियमात!"

त्यानं पडल्या पडल्या विचार केला. शपथेवर सांगते, विचार केला. मग म्हणाला, "चालेल."

मी सगळा तांब्या त्याच्या डोक्यावर उपडा केला. राग होता, म्हणून जरा जोरातच.

उन्हाळा संपायला आला तेव्हा साहेब आला. जीप, मागं गावातली चार माणसं, पुढं हा पोरगा. साहेब थेट माझ्या दारात खुर्ची टाकून बसला. "आजी, पाणी द्या बरं आधी." मी तांब्या दिला. त्यानं तो गटागटा पिऊन टाकला. पुन्हा मागितला, तोही प्यायला. चहा प्यायला. मी त्या पोराकडं असं बघितलं की, शीक काहीतरी. ह्याला म्हणतात माणूस.

साहेबानं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "गोड आहे हो तुमच्या नळाचं पाणी."

साहेबापुढं बोलायचं कुणी? माझ्या जिभेवर शब्द आला, पण बरोबरच्या चार माणसांत त्या मोटरीचा मालक उभा होता. त्यानं उद्या मोटरीवर येऊ नका म्हटलं तर?

बोलला तो पोरगा. "साहेब, ते नळाचं नाही. आजींनी मोटरीवरून आणलंय. उसाच्या पलीकडून. मी रोज बघतो."

"नळ आहे ना?" साहेब म्हणाला. "मग फॉर्मात 'नळ आहे' लिही."

"नळ आहे साहेब. पाणी नाही."

"पाण्याचा रकाना आहे का त्यात? नळाचा आहे. मग?"

"मग मी खाली पाणी नाही असं लिहितो."

साहेब हसला. माझं पाणी अजून त्याच्या मिशीवर होतं. "तू इथं शिकायला आलायस का माझी तपासणी करायला? तुझ्या सर्टिफिकेटवर सही कुणाची लागते, ठाऊक आहे ना?"

पोरगा म्हणाला, "तुमची, साहेब." आणि खाली बघून पुन्हा म्हणाला, "पण पाणी नाही."

जीप गेली. पोराला बरोबर घेतलं नाही. तो चालत स्टँडवर गेला.

मग बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा हातात पिशवी नव्हती, बाटली नव्हती. माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, मला काढून टाकलं. सही दिली नाही. आता दुसऱ्या ठिकाणी पहिल्यापासून करायचं, वर्ष लांबलं."

"मग हितं कशाला आलास?"

"आता मी कचेरीचा कुणी नाही. पाणी द्याल?"

मी तांब्या दिला. त्यानं उभ्यानंच पिऊन टाकला आणि तांब्या उलटा करून दाखवला, लहान पोरं दाखवतात तसा. मी म्हटलं, "खरं सांग. कॉलेजाच्या त्या कागदात पाणी व्हतं का?"

"चहा आणि जेवण होतं."

"मग पाण्याचं तुझं तूच काढलंस व्हय?"

तो माझ्या हंड्याकडं बघत म्हणाला, "तुम्ही एवढं डोक्यावरून आणता. ते मी कसं पिऊ?"

मला असला राग आला! सगळा उन्हाळा ह्या शहाण्यानं आमची दया केली, आणि आम्ही समजलो आमची लाज काढतोय. मी ओरडले, "आरं गाढवा, आणतो कशासाठी मग? दारात आलेल्याला द्यायलाच की! पाणी देण्याएवढी ऐपत बी ठेवली न्हाईस आमची!"

तो म्हणाला, "हे मला कळलं नव्हतं." पहिल्यांदाच 'समजून घेतोय' म्हणाला नाही.

मी तांब्या पुन्हा भरून हातात कोंबला. तोही प्यायला. तोवर समोरून दगडूआप्पांची हाक आली, "डाक्टर, हिकडं चहा ठेवलाय! न्हाई आलास तर बघ!" आणि मग त्याची सुटका नव्हती. सबंध उन्हाळ्यात नाकारलेला चहा त्याला त्या एका दुपारी दारोदार बसून प्यावा लागला. शेवटच्या घरातून निघाला तेव्हा पोट धरून चालत होता. आडनाव त्याला कुणी विचारलं नाही.

जाता जाता माझ्या दारापुढं थांबला. सवयीनं वाकला, तोटी सोडली आणि नळाला कान लावला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही, आजी."

"मग जाशील तिथं हेच लिही," मी म्हटलं. "आन् म्होरच्या येळंला दारात आलास, की आधी पाणी माग."