दाढ, डॉक्टर आणि नवा हिरो

दातांच्या डॉक्टरला खूश कसं ठेवायचं, ते मला विचारा! डॉक्टरचा मूड चांगला असला की हात हलका पडतो, हा माझा स्वतःचा शोध आहे. आमचे डॉक्टर सिनेमावेडे. म्हणून खुर्चीत आडवं होताना मी एखादी ताजी फिल्मी बातमी सोडतो. ते बोलत राहतात, दाढ कोरली जाते, मला पत्ताही लागत नाही.

त्या दिवशीही सोडली. "डॉक्टर, त्या फौजदाराच्या सिनेमाचा दुसरा भाग लागलाय. हिरो बदललाय म्हणे!"

"फार बरं झालं!" हिरडीत सुई टोचत डॉक्टर म्हणाले. "जुना आता जिना चढताना दमतो. चोर काय पकडणार?"

"काहीतरीच काय!" लाळ ओढायची नळी माझ्या तोंडात धरून वहिनी कडाडल्या. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको, आणि दवाखान्यातली मदतनीसही त्याच. "त्याच्या नुसत्या नजरेनं चोर गार व्हायचा! हा नवा पोरगा चोरालाच पत्ता विचारेल."

इथेच मी उठून पळायला हवं होतं. पण मशीन सुरू झालं होतं.

आमचं एक ठरलेलं आहे. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून दुखलं की डावा हात वर करायचा. डॉक्टर लगेच थांबतात. मशीन नसेला लागलं, मला ब्रह्मांड आठवलं आणि मी हात वर केला.

"बघा!" वहिनी आनंदाने ओरडल्या. "हेसुद्धा माझ्याच बाजूने आहेत!"

"असं?" डॉक्टरांचा आवाज एकदम थंड झाला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी मान हलवून नाही म्हणायला गेलो. "मान हलवू नका, जीभ कापली जाईल!" मी दगडासारखा पडून राहिलो. मशीन पुन्हा आत घुसलं. हात आता अजिबात हलका नव्हता! मी दोन्ही हात वर केले.

"दोन मतं!" वहिनी म्हणाल्या.

"माणूस एक, मत एक!" डॉक्टर गरजले. "आणि तुला सिनेमातलं काय कळतं? लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमात तू घोरत होतीस!"

वहिनींनी नळी माझ्या छातीवर ठेवली, हातमोजे काढले आणि त्या ताडताड बाहेर गेल्या. "अगं, ऐक तरी!" म्हणत डॉक्टरही मागोमाग गेले.

राहिलो मी. दाढ अर्धी कोरलेली, गालात कापूस, हनुवटीवर लाळ. त्यात गालाचा बधिरपणा उतरायला लागला! या दोघांचं जमलं नाही, तर माझी दाढ बुजवणार कोण?

गळ्यातल्या कागदासकट मी बाहेर धावलो. तिथे तर रांगेतल्या पेशंटांचेही दोन तट पडले होते! गाल सुजलेले एक काका जुन्यासाठी तावातावाने भांडत होते, कवळी हातात धरलेल्या आजी नव्यासाठी. मी डॉक्टरांपुढे हात जोडले, वहिनींपुढे जोडले, तोंडातून नुसतं "आँ, आँ" निघालं.

ते बघून आजींना दया आली. "अरे, पण तो सिनेमा बघितलाय कोणी?"

बघितला कोणीच नव्हता!

डॉक्टरांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी घड्याळाकडे. "संध्याकाळचा खेळ मिळेल," त्या हळूच म्हणाल्या. डॉक्टर विरघळले. माझ्या दाढेत घाईघाईने तात्पुरतं काहीतरी लिंपलं, सगळ्यांना "उद्या या" सांगितलं, आणि जोडी निघाली.

मी घरी पोहोचतोय तोच दाढ ठणकायला लागली. कळ थेट मस्तकात! मी डॉक्टरांना फोन लावला.

"हळू बोला हो," डॉक्टर कुजबुजले, "शेजारचे चिडतात. एक गोळी घ्या आणि मध्यंतरात फोन करा."

मागून वहिनींचा आवाज आला. "कोण आहे?"

"तेच गं, तुझ्या बाजूने हात वर करणारे."

"मग सांगा त्यांना, नवाच छान आहे! त्या जुन्यात काय बघितलं होतं त्यांनी, कोण जाणे."

तर मंडळी, मला दुसरा डॉक्टर हवा आहे. हात जड असला तरी चालेल, फक्त सिनेमा बघणारा नको.