जंगलमार्गे

साळवे तात्यांनी बारामतीजवळच्या कन्हेरीपासून पुढं वनखात्याच्या रानात अकरा बसथांबे ठरवले होते. त्यांतल्या एकाही थांब्यावर आजवर एसटी आलेली नव्हती आणि येणारही नव्हती, कारण तिथं रस्ताच नव्हता. थांबा म्हणजे कुठं एखादा लिंब, कुठं हिवराचं झाड, कुठं फुटका बंधारा. पण तात्या त्यांची नावं अशा खणखणीत आवाजात पुकारायचे, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप पिशवीकडं जावा.

तात्या बारामतीत आमच्या समोरच्या घरात राहायचे. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. बायको वारली होती, एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं होतं, आणि निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी नोकरी काही अंगातून निघाली नव्हती. घरी पाहुणे आले की, "दारात गर्दी नको, आतल्या बाजूला चला," म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत एकदा त्यांनी नवरदेवाच्या मामालाच पुढं सरकवलं होतं. आणि आमच्या गल्लीतले जुने पोस्टमास्तर गेले तेव्हा चौघांनी तिरडी उचलल्याबरोबर तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "चला, जाऊ द्या." त्यात त्यांचा काही दोष नव्हता. डोळे भरलेलेच होते. पण खांदेकरी मात्र खरोखरच जोरात निघाले.

अशा माणसाला निवृत्तीनंतर चालायचा नाद लागला. डॉक्टरनं सांगितलं असेल असं मला वाटलं. पण तात्यांचं चालणं कॅनॉलवर फेरी मारून घरी येऊन चहा पिणाऱ्यांचं नव्हतं. कन्हेरीपासून इंदापूरच्या अंगाला वनखात्याच्या लागवडीचे तुकडे, गायरानं, माळ असं एकमेकांना लागून लागून लांबपर्यंत जातं. त्या रानातून एक सलग वाट काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दर रविवारी एक टप्पा. जिथं टप्पा संपेल तिथल्या झाडाला लाल चिंधी बांधायची, आडवं चालत इंदापूर रस्त्याला लागायचं आणि मिळेल त्या एसटीनं घरी यायचं. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच झाडापासून सुरुवात. पाठीवरच्या पिशवीला त्यांनी पुठ्ठ्याची पाटी लावली होती: 'बारामती, जंगलमार्गे'. कुठं जाणार ते मात्र पाटीवर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, पाटी रंगवायला जागा पुरली न्हाय."

मी शाळेत चित्रकला शिकवतो. जागा आधी मोजून मग अक्षरं काढायची, हे पाचवीच्या वर्गाला शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे. तेव्हा मला ते काही पटलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी तात्या सकाळीच दारात उभे. "मास्तर, उद्या चलता का? छोटा टप्पा हाय."

आजवर त्यांनी कुणालाच बरोबर नेलं नव्हतं. मला बरं वाटलं. शिवाय आमच्याकडं केबल नवी नवी आली होती, आणि रविवारी घरात माझ्या मताला काही किंमत उरली नव्हती. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आठच्या इंदापूर गाडीनं निघालो. तात्यांनी पांढरा शुभ्र सदरा घातला होता. काट्याकुट्यात जायला इस्त्रीचा सदरा कशाला, असं माझ्या मनात आलं. एका फाट्यावर उतरून तासभर उसाच्या बांधाबांधानं गेल्यावर माळ लागला, आणि एका हिवराला बांधलेली लाल चिंधी दिसली. मी झाडाच्या दहा पावलं अलीकडूनच तिरका निघालो, तर तात्यांनी हाताला धरून मागं आणलं.

"झाडाला हात लावून निघायचं. न्हायतर टप्पा तुटतो."

मी झाडाला हात लावला. काटा बोटात गेला. प्रवास रीतसर सुरू झाला.

जंगल म्हटल्यावर मला सावली अपेक्षित होती. इथं खुरटे बाभळी-खैर, मध्ये मध्ये वाळलेलं गवत आणि वर निळं आभाळ. पण तात्यांबरोबर चालताना कंटाळा यायचा नाही. "म्होरं उतार हाय, धरून बसा," असं ते चालणाऱ्या माणसाला सांगायचे. एका चढावर मी धापा टाकायला लागलो तर म्हणाले, "गाडी तापली. पाणी घाला." मी घोटभर पाणी प्यालो. शिदोरी मात्र काही सोडू देईनात. "जेवणाचा थांबा अजून आला न्हाय." एकदा झुडपातून दोन चिंकारा निघाल्या आणि वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या. तात्यांनी हात आडवा करून मला थांबवलं आणि हळूच म्हणाले, "जाऊ द्या. त्यांचा रूट हाय." त्या टणाटणा उड्या मारत गेल्या, तरी तात्या कितीतरी वेळ त्या दिशेनं बघत उभे होते.

अकराच्या सुमाराला मेंढरं घेऊन बसलेला एक धनगर भेटला. कुत्री अंगावर येतील म्हणून मी तात्यांच्या मागं गेलो, पण कुत्री शेपट्या हलवत तात्यांच्या पायांत घोटाळू लागली.

"राम राम कंडक्टर. आज जोडीनं?" धनगर म्हणाला.

"व्हय. हे मास्तर हायेत."

"बरं केलं. मग आज तरी पोचणार का? तीन ऐतवार झालं, त्या टेकडापासनं माघारी जाताय."

तात्या एकदम कडक आवाजात म्हणाले, "तुमची मेंढरं लागवडीत शिरली बघा." मेंढरं जागची हललीसुद्धा नव्हती. तात्या मात्र झपाझप पुढं निघाले.

मग माझ्या डोक्यात हिशेब जुळू लागला. पहिल्या रविवारी हा माणूस बारा किलोमीटर चालला होता, दुसऱ्या रविवारी दहा. गेले तीन रविवार त्याच हिवरापासून त्याच टेकडापर्यंत. ह्याला छोटा टप्पा म्हणत नाहीत, ह्याला अडकणं म्हणतात.

टेकडावर पोचलो तर खाली पाचपन्नास घरांची वस्ती दिसली. पत्र्याची छपरं, उसाचा हिरवा पट्टा, एक पाण्याची टाकी. तात्या एका दगडावर बसले आणि पायातले काटे काढू लागले. बराच वेळ काढत होते. पायात एकही काटा नव्हता.

"आजचा टप्पा हितंच संपला," ते म्हणाले.

"खाली गाव कुठलं?"

"पळसवाडी."

नाव ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी तात्यांनी दिलेल्या लग्नपत्रिकेत ते वाचलं होतं; लग्नाला जाणं मात्र मला जमलं नव्हतं. "तात्या, सुनंदा इथंच दिलीय ना?"

"दिली न्हाय. तिनं केलं." मग आपणहूनच सांगू लागले. सुनंदानं जावई स्वतः पसंत केला होता. मुलगा निर्व्यसनी, आपल्याच समाजातला, कायमच्या नोकरीतला. एकच खोट होती. तो एसटीत ड्रायव्हर होता.

"सारी नोकरी ड्रायव्हर लोकांच्या तालावर गेली, मास्तर. मी घंटी मारायची, त्यांनी न ऐकल्यागत करायचं. म्हातारं माणूस पळत येतंय, थांब म्हटलं तर थांबायचं न्हाय. शिव्या मला. आन् घरात जावई आला त्योबी ड्रायव्हर." त्यांनी गवताची काडी मोडली. "लग्नात सगळ्यांदेखत बोलून बसलो, ह्या माणसाच्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाय म्हणून."

"मग?"

"पळसवाडीला दिवसातनं एकच गाडी येती. ती त्योच चालवतो."

मला हसू फुटलं आणि ते मी खोकल्यात घालवलं. हा हट्टी माणूस शब्द मोडायला तयार नव्हता, आणि लेकीशिवाय राहायलाही तयार नव्हता. म्हणून त्यानं सहा रविवार घालवून तिच्या दारापर्यंत स्वतःची वेगळी वाट काढली होती. आणि आता दार दिसत होतं तर पाय उचलत नव्हता.

"तीनदा हितवर आलो. ती अंगणात धुणं वाळत घालताना दिसती. कपडं मोजता येत्यात एवढ्या जवळ. पण काय बोलायचं ते सुचंना. दोन वर्षं एक पत्र टाकलं न्हाय मी. तुमी शिकलेली माणसं. तुमीच काय ते पयलं बोला."

म्हणजे मला यासाठी आणलं होतं. मी उठलो आणि त्यांचा हात धरला. "चला. मला भूक लागली आहे. तेवढंच बोलतो."

उतरताना तात्यांनी एकाही थांब्याचं नाव घेतलं नाही.

सुनंदा अंगणात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उठली. मी तोंड उघडलं, पण तिनं आधीच घंगाळात पाणी ओतलं होतं.

"पाय धुवा," ती म्हणाली. "धनगरमामा मागंच सांगून गेले, तात्या टेकडावर येऊन बसतात म्हणून. मला वाटलं, मी बोलवायला आले तर उठून जातील. म्हणून रविवारी रोजच्यापेक्षा जास्ती वेळ अंगणात थांबत होते. दिसावं म्हणून."

तात्या पाय धूत राहिले. धुतलेलेच पाय पुन्हा धुतले. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि मग एवढंच म्हणाले, "वाळली गं."

"तुम्हीच वाळलात."

तिनं ताटं वाढायला घेतली. पिठल्याचा वास आला तसा मी पुढं होऊन पाटावर बसलोसुद्धा. पण तात्या उभेच.

"ते किती वाजता येत्यात?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

तात्यांनी खुंटीला टांगलेल्या जावयाच्या खाकी सदऱ्याकडं बोट केलं.

"अडीचला गाडी येते. मग तासभर घरी असतात."

"मग त्यांना येऊ दे."

घड्याळात साडेबारा झाले होते. मी सकाळी कपभर चहावर निघालो होतो. मी तात्यांकडं बघितलं, पिठल्याकडं बघितलं आणि पाटावरून उठलो. दोन तास आम्ही ओसरीवर बसून होतो. तात्या सुनंदाला गल्लीतल्या सगळ्यांची खुशाली सांगत होते. ती चुलीपाशी बसून हुं म्हणत होती. मध्येच विषय संपायचा, आणि मग तात्या पुन्हा कुणाच्यातरी म्हशीपासून सुरुवात करायचे.

अडीचला गाडीचा आवाज आला. थोड्या वेळानं जावई दारात आला. उंच, सावळा, धुळीनं भरलेला. सासऱ्याला बघून तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. टोपी काढावी की ठेवावी ते त्याला कळेना.

तात्या उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना ड्रायव्हरसाठी उठताना कुणी बघितलं नसेल.

"हात धुऊन या," ते म्हणाले. "आमी जेवायचं थांबलोय."

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येत होता. सुनंदा पाठमोरी बसली होती आणि भाकरी काही उलटत नव्हती. कुणीच तिला हटकलं नाही.