राऊत मावशींचं बोट

सुधा गुरुवारी सकाळी गेली. दुपारी राऊत मावशी वर आल्या, रडल्या, आणि डोळे पुसता पुसता त्यांनी कपाटावरून बोट फिरवलं. “चिकट आहे,” त्या म्हणाल्या.

सुधा माझी बायको. राऊत मावशी तळमजल्यावर राहायच्या, एकट्या. लालबाग सोडून त्या वाशीला आल्या तेव्हा आमच्या इमारतीपासून खाडीपर्यंत नुसतं गवत होतं. “लालबागात माणसं चावायची, इथे साप चावतात,” असं त्या म्हणायच्या. “चिकट्याला मुंगी, मुंगीला बेडूक, बेडकाला साप,” हा त्यांचा सिद्धान्त सगळ्या इमारतीला पाठ होता. कुणाच्याही घरी गेल्या की आधी बोट लाकडावर, मग चौकशी.

“साप दोन मजले चढून येईल का, मावशी?” माझ्या मेहुण्यानं एकदा विचारलं.

“मग जिना कशाला बांधलाय?”

चिकटा काढायची त्यांची रीत ठरलेली. कोमट पाणी, त्यात साबणाचा चुरा, घट्ट पिळलेलं फडकं, आणि हात लाकडाच्या रेषेनं. रॉकेलनं पुसणाऱ्या बायकांना त्या तोंडावर म्हणत, “पॉलिश खाल्लंस गं!”

आमच्यात माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतात. खाली पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठात ज्याची खूण दिसेल, त्या जन्माला ते माणूस गेलं असं समजतात. मेहुण्यानं सुधाच्या खाटेजवळ जमिनीवर पीठ पसरलं, आणि मावशी ओरडल्या, “खाली पीठ? वेडा आहेस का? उचल ते!” वाद घालायचं त्राण कुणातच नव्हतं. दिवा, पीठ, टोपली, सगळं सुधाच्या बैठ्या सागवानी कपाटावर गेलं.

सकाळी टोपली उचलली. पिठात एक नागमोडी रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“मुंग्यांची रांग गेली असेल,” मेहुणा म्हणाला. पण मुंगी एकही दिसेना. मावशींचा चेहरा उतरला. चपला आमच्या दारात विसरून त्या खाली गेल्या.

मी शाळामास्तर, पुस्तकं वाचणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवसापासून मी कपाटाकडे पाठ करून बसलो नाही. दिव्यातलं तेल झिरपलं होतं. पीठ, तेल आणि उदबत्तीची राख मिळून कपाटावर खळीसारखा थर बसला. त्याला हात लावायची मला भीती वाटत होती. तो पुसून टाकायची त्याहून जास्त.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मावशी फिरकल्या नाहीत. मग एका दुपारी त्या कोमट पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, दार उघडंच ठेवा. पळता आलं पाहिजे.”

त्यांनी ओलं फडकं थरावर पसरलं आणि तो मऊ होईपर्यंत त्या हाताच्या अंतरावर उभ्या राहिल्या. मला वाटलं, पुटपुटतायत ते रामनाम असेल. तसं नव्हतं.

“सुधा,” त्या कपाटाला म्हणत होत्या, “येणारच असशील तर इथे नको येऊस. मास्तर घाबरट आहेत. खाली माझ्याकडे ये. मी एकटीच असते. दूध ठेवीन.”

मग डोळे मिटून त्यांनी पहिला हात फिरवला.

थर सुटला. फडक्याला तेलात बुडून मेलेल्या मुंग्या लागल्या, बऱ्याच. मावशींनी त्या पाहिल्या. मीही पाहिल्या. त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पुन्हा पुसायला घेतलं.

कपाट आता हाताला कोरडं लागतं. दिवा होता तिथलं पॉलिश गेलं आहे. एक फिकट गोल राहिला आहे.