केळ्यांची धुरी आणि माझ्या भुवया

आगीवरचं व्याख्यान ऐकून लगेच सासरी जाऊ नये. पण मेहुणीचा साखरपुडा होता, आणि भुसावळहून सावदा कितीसं लांब? शिवाय एवढं ताजं ज्ञान एकट्याने बाळगायचं कशाला, म्हणून मी सहकुटुंब एक दिवस आधीच निघालो.

ऑफिसात साहेबांनी ज्वलनाचे प्रकार सांगितले होते. एक भडकणारं, एक आतल्या आत धुमसणारं, एक आपोआप पेट घेणारं. (पुढे उपायही सांगितले म्हणे. तेव्हा मी चहाच्या किटलीपाशी होतो.)

सासरच्या अंगणात पाऊल टाकलं तर मागच्या खोलीच्या दारातून धूर. फटी शेणामातीने लिंपलेल्या.

"कुंदा, हे धुमसणारं ज्वलन आहे," मी बायकोला म्हणालो.

"अहो, उद्याच्या शिकरणाची केळी पिकायला घातलीत. आईने धुरी दिलीय."

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "जावईबापू, ते दार उघडू नका बरं. केयी पिकू राह्यली."

बायकांना ज्वलनातलं काय कळतं? (हे मनात म्हणालो. तेवढी अक्कल होती.) मी दोन बादल्या भरल्या, लिंपण खरवडलं आणि दार सताड उघडलं.

वारा आत शिरला. आत गोवऱ्या आणि वाळकी केळीची पानं. धुमसणाऱ्याचं भडकणारं व्हायला कितीसा वेळ लागतो? "बघा, आग होतीच," असं मी अभिमानाने म्हणेपर्यंत माझ्या भुवया गेल्या होत्या. पहिली बादली मी घाबरून स्वतःवरच ओतली. दुसरी सासूबाईंनी हिसकावून आगीवर ओतली.

केळी वाचली, पण हिरवीच राहिली. उद्या व्याही जेवायला, आणि शिकरणाचा पत्ता नाही. सासूबाईंनी विळी माझ्यापुढे सरकवली. अंधार पडेपर्यंत मी कच्ची केळी चिरली, आणि दुसऱ्या दिवशी पंगतीत त्यांची भाजीही मीच वाढली. जावयाला याहून मोठी लाज नसेल.

चोपड्याचे व्याही शालिग्रामआबा यांनी भाजी दोनदा मागून घेतली. मग केळीच्या चिकाने काळी पडलेली माझी बोटं आणि बिनभुवयांचा चेहरा निरखून ते सासूबाईंना म्हणाले, "अक्का, आचारी कामना शे. लग्नलेबी यालेच सांगा."

आता तरी हा कामाचा आचारी नव्हे, जावई आहे अशी ओळख करून देतील म्हणून मी सासूबाईंकडे आशेने पाहिलं.

"सांगू," त्या म्हणाल्या, "पन चूल दुसऱ्यालेच पेटवू द्या."