वारा सरल्याची साक्ष

पेशंट कसा असावा, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी लोणावळ्याच्या दवाखान्यात भरती झालो, तेव्हा यशोधरा सिस्टरांनी बजावलं होतं, आता पाण्याचा थेंबही नको. मी आवंढासुद्धा त्यांना विचारून गिळला! कमरेचा करगोटा काढा म्हणाल्या, तर म्हटलं, कापूनच टाका. असे पेशंट मिळाले तर आमचं निम्मं काम वाचेल, असं त्या म्हणाल्या. हे मी अनिताला, म्हणजे बायकोला, पुन्हा पुन्हा ऐकवलं.

ऑपरेशन झकास झालं. गुंगी उतरली, डोळे उघडले, तर शेजारच्या खाटेवर श्रीपती!

मळवलीत मी एका बंगल्याची राखण करतो आणि श्रीपती शेजारच्या बंगल्याची. त्याच्या बंगल्याला पोहायचा तलाव, माझ्या बंगल्याला झोपाळा. पाहुणे त्याच्याकडेच जास्त. आता माझं अपेंडिक्स काढायची वेळ आली, तर याचं आदल्या दिवशीच काढून झालेलं. तिथेही मी दुसराच!

ऑपरेशननंतर आतडी झोपलेली असतात. ती जागी झाली की वारा सरतो, तोवर तोंडाने काही घ्यायचं नाही, असं सिस्टरांनी समजावलं होतं. येता-जाता त्या विचारायच्या, "सरला का?" मी नकारार्थी मान हलवायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपतीने होकार दिला. डॉक्टरांनी त्याचं पोट तपासून चहाला परवानगी दिली. वर सिस्टर त्याला "शाब्बास" म्हणाल्या. वारा सोडल्याबद्दल शाब्बास!

तेवढ्यात अनिता थर्मास आणि खारीचा पुडा घेऊन आली. आल्याचा चहा, खास माझ्यासाठी. मला चालत नाही म्हटल्यावर तिने कपभर श्रीपतीला दिला. तो भुरके मारत प्यायला आणि म्हणाला, "वयनी, असला चा आमच्या घरी व्हत न्हाई."

अनिता चक्क लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या बोलण्यावर ती लाजल्याचं मला आठवत नाही. माझ्या टाक्यांवर कुणी मिरची चोळावी तसं झालं.

ती कप धुऊन परत आली. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात होत्या. मी हळूच म्हटलं, "माझा बी सरला. सिस्टर म्हनाल्या, चा चालंल."

"कवा म्हनाल्या?"

"तू कप धुवायला गेलतीस तवा."

श्रीपती एक कप प्यायला होता, म्हणून मी दोन प्यायलो. त्याला कुणी खारी दिली नव्हती, म्हणून खारीही खाल्ली.

दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं. मग उलट्या. दर उलटीला टाके असे ताणले जायचे की मला थेट आई आठवायची. नाकातून नळी गेली, सलाईन वाढलं, घरी जाणं लांबलं. सिस्टर मला काहीच बोलल्या नाहीत, सगळं अनिताला बोलल्या. जाणत्या बाईने असं करावं का, नवऱ्याच्या जिवावर बेतलं असतं, वगैरे. अनिताने एवढंच विचारलं, "पर तुमीच परवानगी दिलीत ना?" दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तेव्हापासून अनिता माझ्याशी बोलायची बंद झाली. यायची, चादर नीट करायची, खिडकीकडे तोंड करून बसायची. भुकेपेक्षा ते जास्त लागत होतं.

नळी निघाली, आणि नंतर एका सकाळी खराखुरा वारा सरला. मी आनंदाने सिस्टरांना हाक मारली.

त्या म्हणाल्या, "ऐकला कोणी?"

डॉक्टर दुपारी येऊन तपासतील, तोवर तुमच्या शब्दावर मी पाणीसुद्धा देणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. अनिता खिडकीकडेच बघत राहिली. वॉर्डात उरला श्रीपती. तो घरी निघाला होता, पिशवी भरत होता. माझी अब्रू आता त्याच्या हातात! मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे गरिबासारखं पाहिलं.

त्याने पिशवी खाली ठेवली.

"सरला, सिस्टर. मी सवता ऐकला. चांगला दोनदा."

सिस्टरांनी चमच्याने पाणी पाजलं. अनिता उठून माझ्याजवळ आली, पदराने माझं तोंड पुसलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"तुमी काय बी सांगाल. पर श्रीपतीभावजी कवा खोटं बोलायचे न्हाईत."

वारा एकदाच सरला होता. पण ते सांगायची आता सोय राहिली नव्हती.