मास्तरांचा जादा ब्रेक

आपली गाडी शिकवणीची होती हे ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मास्तरांनी गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगितलं. लोकांना ड्रायव्हिंग शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता क्लास बंद करून त्यांनी गाडी विकायला काढली होती.

"फेरफार केलेल्या गाडीला भाव येत नाही, मास्तर," मेकॅनिक म्हणाला. "त्यातून शिकवणीची म्हटलं की गिऱ्हाईक निम्म्यावरूनच बोलायला लागतं. सगळं काढून टाकू."

टपावरचा फलक गेला. जादा आरसा गेला. दारांवरची 'शिकाऊ' ही लाल अक्षरं रंगाखाली गेली. मास्तरांच्या बाजूचा क्लच निघाला, गाडीची क्लच-प्लेट नवी बसली. त्याच बाजूच्या जादा ब्रेकपाशी मात्र घोडं अडलं.

"तो राहू दे. वर मॅट टाकू."

मेकॅनिकने त्यांच्याकडे, दाताच्या डॉक्टरने तोंड न उघडणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं पाहिलं.

भाव पूर्ण मिळाला तरच नवी छोटी गाडी घरी येणार होती. तिच्यावर मास्तरांच्या बायकोचा जीव जडला होता. "जन्मभर लग्नांना शिकाऊ म्हणून गेले," ती म्हणे. "आमची गाडी दिसली की लोक पोराबाळांना घेऊन फुटपाथवर चढायचे."

रविवारी एक औषध दुकानदार गाडी बघायला आला. गोळ्या मोजून देणाऱ्याच्या सावधपणाने त्याने इंजिन ऐकलं, दारं उघडमीट केली आणि स्टिअरिंगवर बसला. मास्तर शेजारी, बायको मागच्या सीटवर.

गाडी छान निघाली. बऱ्याच अंतरावर एक सायकलवाला दिसला आणि गाडी गचकन थांबली. दुकानदाराचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"ब्रेक फारच कडक आहेत, काका."

"नवे लायनर टाकलेत," मास्तर म्हणाले. मॅटवरचा पाय त्यांनी हळूच मागे घेतला.

पुढे एक कुत्रं रस्त्याच्या कडेला झोपलं होतं. गचका. कोपऱ्यावरचा फळवाला नुसता खाकरला. गचका. फळवाल्याने पुढच्या गचक्याच्या आशेने हातगाडी सोडून दोन पावलं टाकली.

"अहो," बायको मागून दबक्या आवाजात म्हणाली, "पाय आवरा."

"मी काही करतच नाहीये."

ते खरंही होतं. करत होता तो पाय.

दुकानदार विचारात पडला. रस्ता रिकामा बघून त्याने गाडीला वेग दिला आणि दोन्ही पाय उचलून गुडघे स्टिअरिंगपर्यंत आणले. समोरून वाऱ्याने एक पिशवी उडत आली. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

दुकानदाराने अधांतरी धरलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. मग सावकाश मास्तरांच्या पायांकडे. मग वाकून मॅट उचलली.

"हे काय आहे?"

"जादा सोय," मास्तर म्हणाले.

"म्हणजे शिकवणीची गाडी. सगळ्या गावाने गिअर घासले असतील हिचे. काका, निम्म्यात देत असाल तर बोला."

मास्तरांनी मॅट पुन्हा ब्रेकवर सारखी केली.

"तुम्ही खाली उतरा," मागून बायको म्हणाली.

"कोण, मी?" दुकानदाराने विचारलं.

"तुम्ही नाही हो, दादा. हे."

मास्तर उतरले. गाडी त्यांना मागे टाकून निघाली, दह्यातून चमचा फिरावा तशी. दूरवर एक मुलगी चेंडूमागे धावली. मास्तरांनी फुटपाथवर उभ्या उभ्या उजवा पाय दाबला. शेजारून जाणाऱ्या बाईंनी आपली चप्पल सोडवून घेतली आणि चार शब्द सुनावले.

बऱ्याच वेळाने गाडी परतली. दुकानदार उतरून, जादा ब्रेक काढायला आपल्या मेकॅनिकला फोन लावू लागला. बायको काच खाली करून म्हणाली, "पूर्ण भावात घेतायत."

"निम्म्यावरून पूर्ण? काय सांगितलंस?"

"खरं ते. क्लच-प्लेट नवी आहे, पावती दाखवते. गिअरही तुम्हीच टाकून बघा म्हटलं. गचके गाडीत नाहीत, आमच्या ह्यांच्यात आहेत. त्यांची एकच अट होती. तुम्ही गाडीसोबत येणार नाही, असं लिहून हवं होतं. दिलं."

मास्तर काचेपाशी वाकले.

"चला, तुझी नवी गाडी तर आली. मी शेजारी बसेन, तू—"

"छे," बायको म्हणाली. "तुम्ही मागे बसायचं. आणि मांडी घालून."