दुर्बिणीला स्थळ बघणारे सदूभाऊ

ओतूरला एसटी स्टँडसमोर सदूभाऊंचं घड्याळांचं आणि चष्म्यांचं दुकान होतं. तिथे घड्याळ मागितलं की घड्याळ मिळे, चष्मा मागितला की चष्मा. दुर्बीण मागितली की मात्र सदूभाऊ स्टुलावरून उठत, शटर अर्धं खाली ओढत आणि म्हणत, "चला, आधी घर बघू."

घर म्हणजे गिऱ्हाइकाचं घर. मुलीसाठी स्थळ बघावं तसं हे गृहस्थ दुर्बिणीसाठी स्थळ बघत. अंगणात उभं राहून चारी दिशांना मान फिरवायची, लाइटीचा खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजायचं, शेजारच्या चुलीचा धूर कुठे जातो ते बघायचं, आणि शेवटी घरातल्या बाईला विचारायचं, "वैनी, ह्यांचा नाद किती दिस टिकतो?" निम्मी स्थळं या प्रश्नावरच मोडत. बायका खरं बोलतात.

प्रत्येक दुर्बीण ते स्वतः पुण्याहून आणत. एसटीत तिला शेजारच्या सीटवर बसवत आणि तिचं तिकीट काढत. कंडक्टर हसला की म्हणत, "हसा राव, पण धक्का नका देऊ."

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो तो नव्वदीच्या मध्यावर. पोरांना शनीची कडी फळ्यावर काढून काढून मला स्वतःलाच ती बघायची फार इच्छा झाली होती. सदूभाऊंनी माझं घर तीनदा बघितलं आणि तिन्ही वेळा नाकारलं.

पहिल्यांदा दारासमोरच्या खांबावरून. मी घर बदललं. दुसऱ्या घराला अंगण नव्हतं, गच्ची होती. सदूभाऊंनी स्लॅबवर तळहात ठेवला आणि मान हलवली. "सर, दिवसभर तापल्याला स्लॅब सांजच्याला वाफा सोडतो. चंद्र उकळल्यावानी दिसंल." पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते शिकवायचा पगार मी घेत होतो. फार लागलं मला ते.

तिसरं घर मात्र नामी होतं. मातीचं अंगण, खांब लांब, धूर नाही. माझ्या नादाबद्दल बायकोनेही माझ्या बाजूने साक्ष दिली. सदूभाऊंनी चहा घेतला, कप पालथा ठेवला आणि म्हणाले, "समदं ब्येस हाय. पण तुमी बदलीचं माणूस. उद्या संस्थेनं तिकडं सोलापूरला धाडलं तर आमी काय करायचं?"

"तुम्ही कशाला काय करायचं? दुर्बीण माझ्याबरोबर येईल."

"त्येच म्हणतो मी," म्हणाले आणि उठले. जाता जाता नेहमीचं वाक्य टाकलं, "घाई आभाळाला न्हाई, आपल्यालाच हाय."

विकलेल्या दुर्बिणींना ते विसरत नसत. महिन्यातून एकदा 'तिच्यातला आरसा पुसून येतो' म्हणून प्रत्येकीकडे चक्कर असे. घोडेगावच्या डॉक्टरांकडे, उदापूरच्या एका बागायतदाराकडे, थेट आहुप्याच्या शाळेतल्या गुरुजींकडेसुद्धा. पुढे डॉक्टरांनी दुर्बीण पुण्याच्या मुलाकडे पाठवली. बागायतदाराची माळ्यावर गेली. हौशी मंडळी नेटवरून मागवायला लागली. शटर अर्धं ओढल्याचं कुणी पाहिलं नाही, त्याला वर्षं झाली होती. मी मात्र माझ्या रागातच होतो.

त्या रागात एका शनिवारी नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून, मेहुण्याचं कार्ड वापरून, मी दुर्बीण मागवली. काय सांगू तो आनंद! कॉम्प्युटरने खांब विचारला नाही, स्लॅब विचारला नाही, बायकोचं मत घेतलं नाही. इतका मान मला ओतुरात कधी मिळाला नव्हता. त्या भरात पत्ता लिहिला आणि इथे सगळे लिहितात तशी खाली खूणही लिहिली: 'सदूभाऊ चष्मेवाले यांच्या दुकानाजवळ'.

कुरिअरवाल्याने खुणेचा मान राखला. खोकं दुकानात दिलं.

आठवड्याभराने रविवारी सकाळी सदूभाऊ लुनावर ते खोकं पुढ्यात धरून दारात हजर. खोक्यावर हातभर दुर्बिणीचं रंगीत चित्र. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी खोकं ओट्यावर हलकेच ठेवलं. "तुमचं पार्सल. हळू उचला, काच हाय." एवढंच बोलले आणि गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

पुस्तिका वाचून दुर्बीण जोडली. चार दिवस तिच्यातून नुसतं धुकं दिसलं. कंपनीला फोन केला तर पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, तुम्ही पुढचं झाकण काढलंय ना?" बी. एस्सी. झालेल्या माणसाला!

शेवटी चालू घड्याळ घेऊन दुकानात गेलो. म्हटलं, सेल बदलायचाय. सदूभाऊंनी घड्याळ कानाला लावलं. "ह्ये चांगलं चाललंय, सर. दुखतंय कुठं त्ये सांगा."

त्याच दिवशी पाचच्या सुमाराला ते घरी आले. बरोबर एक स्क्रू ड्रायव्हर आणि तळाला भोक पाडलेली फोटोच्या रोलची रिकामी डबी. डोळा लावायची लेन्स काढून तिथे डबी बसवून त्यांनी भोकातून आत बघितलं. "प्रवासात आरसा हललाय. तिचा काय दोष? तिला कुणी संगती नव्हतं." मग आरशामागचे तीन स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. अर्धा चंद्र दिवसाढवळ्या डोक्यावर आला होता. सदूभाऊंनी लेन्स परत बसवून डोळा लावला, खूप वेळ काढलाच नाही. "आलं. खड्डे बी आले. या, सर."

मी बघितलं. इतकी वर्षं फळ्यावर काढलेला चंद्र खडूसारखाच पांढरा, पण खराखुरा समोर होता. माझी मीच थट्टा करावी असं वाटलं, पण डोळे भरून आले होते.

"तुमचे किती द्यायचे?" मी विचारलं.

"पैशे नको." सदूभाऊ डबी खिशात घालू लागले. ती खिशात काही जाईना. "एक विचारू का, सर? आता फकस्त आहुप्याची यकच राहिलीया. आन गुरुजी बी जूनला रिटायर हुत्यात. मी इकली न्हाई, ठाव हाय मला. पन म्हैन्यातनं एक डाव हिचा आरसा पुसाया आलो, तर चालंल का?"

आहुप्याचे गुरुजी मला मागेच म्हणाले होते की सदूभाऊ तिथे आरशाला हातही लावत नाहीत. चहा घेतात, घरातल्या प्रत्येकाची चौकशी करतात आणि शेवटच्या एसटीने परततात. ओतुरात त्यांच्या घरी विचारपूस करायला कुणीच नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि दुर्बिणीचा आरसा वर्षानुवर्षं पुसायचा नसतो, हे मला माहीत होतं.

"महिन्याने नाही चालणार, सदूभाऊ," मी म्हटलं. "आमच्याकडे धूळ फार. दर रविवारी यावं लागेल."